सोसायटीसाठी रस्ता खोदायचा आहे : परवानगी, बॅरिकेड, जबाबदारी कोणाची?

सिंहगडरोडकर
नमस्कार मंडळी. आमची सोसायटी जुनी आहे. ड्रेनेजची लाइन मागच्या नाल्यालगतच्या चेंबरला जोडलेली, ती आता महिन्याआड तुंबते. समोरच्या रस्त्यातल्या मुख्य लाइनला जोडून घ्या, असं महापालिकेच्या माणसाने तोंडी सांगितलंय. म्हणजे गेटपासून रस्त्याच्या मध्यापर्यंत साधारण २५ फूट खोदाई. चेंबर सात फूट खोल.

दोन ठेकेदार बघून गेले. पहिला म्हणतो, "काका, परवानगीच्या भानगडीत पडू नका. शनिवारी रात्री अकराला जेसीबी लावतो, रविवारी दूधवाला यायच्या आत बुजवून देतो." दुसऱ्याने परवानगी, वाहतूक शाखेचं पत्र, बॅरिकेड, दिवे, वॉर्डन असं सगळं धरून जवळपास दुप्पट आकडा सांगितला. कमिटीत पहिल्याच्या बाजूने बहुमत आहे हे सांगायला नकोच. पण मी सचिव आणि सही माझी. कायद्याने नक्की काय काय लागतं, आणि खड्ड्यात कोणी पडलं तर मान कोणाची अडकते, हे जाणकारांनी सांगावं.

बंड्यानाना
दूधवाला यायच्या आत चर बुजवणारा ठेकेदार पुण्यात असेल तर त्याचा नंबर महापालिकेला द्या, आमचा रस्ता दिवाळीपासून उघडा आहे.
(जागा पकडली. पॉपकॉर्न घेऊन बसलो.)

निवृत्त_उपअभियंता
मी एका महापालिकेच्या पथ विभागात होतो. कुठल्या ते विचारू नका, पेन्शन चालू आहे.

इथे दोन वेगळ्या परवानग्या आहेत आणि सोसायट्या हमखास त्यांची गल्लत करतात. ड्रेनेजची जोडणी ड्रेनेज विभाग मंजूर करतो. रस्ता फोडायची परवानगी पथ विभाग देतो. जोडणी मंजूर झाली म्हणजे रस्ता फोडायची मुभा मिळाली असं होत नाही. तुम्हाला तर अजून पहिलीसुद्धा कागदावर मिळालेली नाही. तोंडी सांगणारा माणूस बदलीवर गेला की तुम्ही कोण आणि तो कोण. आधी लेखी मंजुरी घ्या, अर्ज परवानाधारक प्लंबरमार्फत जाईल.

पथ विभागाच्या अर्जात नकाशा, चराची लांबी-रुंदी-खोली, रस्ता डांबरी की काँक्रीटचा, काम किती दिवसांत उरकणार हे सगळं येतं. त्यावरून रस्ता पूर्ववत करण्याचं शुल्क काढतात. रस्ता नुकताच झाला असेल आणि मूळ ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी (रस्ता खराब झाला तर दुरुस्ती त्यानेच करायची, तो काळ) चालू असेल तर परवानगी सहजी मिळत नाही, कारण तुम्ही चर मारला की तो ठेकेदार पुढच्या प्रत्येक खड्ड्याचं खापर तुमच्यावर फोडायला मोकळा. पावसाळ्यात खोदाई बंदच असते, अगदी तातडीची सोडून. वाहतूक शाखेचं ना हरकत पत्र वेगळं.

आणि एक. परवानगीची झेरॉक्स साइटवर ठेवा. सगळ्यात आधी विचारायला पालिका येत नाही, शेजारच्या सोसायटीचा अध्यक्ष येतो.

रोखठोक_राजू
सगळं पुस्तकी. आमच्या भागात स्वतः पालिका वर्षभर खोदते, ना फलक ना दिवा. केबलवाले रात्री येतात, सकाळी पेव्हर ब्लॉक उलटेसुलटे टाकून गायब. नियम पाळायचे ते फक्त सोसायटीने का? फाइल सहा टेबलं फिरते तोवर काकांचं मैलापाणी पार्किंगमध्ये येईल. पहिल्या ठेकेदाराला काम द्या, दोन पोरं टॉर्च घेऊन उभी करा, झालं.

लेखणी_आणि_कलम
राजूसाहेब, संताप मान्य, सल्ला अमान्य. वकील म्हणून लिहिते.

पुण्याला महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ लागू (मुंबईला १८८८ चा वेगळा). त्यात साध्या शब्दांत असं आहे की परवानगीशिवाय रस्ता उकरायचा नाही, आणि ज्याला परवानगी दिली त्याने कठडा घालायचा, रात्री उजेड ठेवायचा आणि काम झालं की रस्ता पूर्ववत करायचा. "ज्याला परवानगी दिली" ही इथे सोसायटी आहे, जेसीबीवाला नव्हे.

रस्त्यात धोका किंवा अडथळा निर्माण केला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८५, पाच हजारांपर्यंत दंड. जुन्या भादंविमध्ये हाच दंड दोनशे रुपये होता, तेव्हा लोक हसत भरायचे. निष्काळजीपणाने कोणाचा जीव गेला तर कलम १०६, पाच वर्षांपर्यंत कैद. तिथे हसू येत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये १९८-अ आलं: रस्त्याचं बांधकाम किंवा देखभाल करणारी यंत्रणा, सल्लागार, ठेकेदार यांनी सुरक्षेचे ठरलेले निकष पाळले नाहीत आणि त्यातून मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर एक लाखापर्यंत दंड. म्हणजे पालिकेला कोणी विचारत नाही हे कागदावर तरी खरं नाही.

बंड्यानानांसाठी: तुमच्या रस्त्यावरचा चर उघडा पडलाय ना? भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं १३३) वाचा. रस्त्यालगतच्या विहिरीला, तळ्याला किंवा खोदलेल्या खड्ड्याला कुंपण घाला, असा आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतो. साधा अर्ज पुरतो. १९८० च्या रतलाम नगरपालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच तरतुदीवरून नगरपालिकेला गटारं बांधायला लावली होती, आणि पैसे नाहीत ही सबब ऐकली नव्हती.

सिंहगडरोडकर
ताई, धन्यवाद. "सर्व जबाबदारी ठेकेदाराची राहील" असं स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं तर?

लेखणी_आणि_कलम
ते तुमच्या दोघांतलं. जो पडला त्याने त्या स्टॅम्पवर सही केलेली नाही. तो दोघांवरही दावा लावेल; भरपाई भरल्यावर तुम्ही ठेकेदाराकडून वसूल करत बसा. आणि विनापरवाना कामाचा करार असेल तर तो कागद तुमच्याच विरुद्ध पुरावा.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख, जखमींना दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख भरपाई द्यायला सांगितलंय, आणि ती रक्कम पुढे दोषींकडून वसूल करायची आहे. आता पालिका वसुलीसाठी माणूस शोधणार. विनापरवाना चर मारणारी सोसायटी सापडली तर त्यांना आयतंच.

ऑरेंजसिटी
बाप्पा, टॉर्चवाल्या पोरांचं ऐकून भाच्याची आठवण झाली. रात्री ड्युटीवरून येत होता. चराच्या अलीकडे एक दगड आणि त्यावर झाडाची फांदी, हेच बॅरिकेड. फांदी वाऱ्याने पडली होती. खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर तिथे चकचकीत बॅरिकेड, वर दिवा, "गैरसोयीबद्दल क्षमस्व" असा बोर्ड, जसं काही महिनाभरापासून तिथेच आहे! फोटो काढून ठेवायचं कोणाला सुचलं नाही. नंतर पोलिसांत सगळं त्याच्यावरच, वेग जास्त होता म्हणे.

बंड्यानाना
म्हणून हल्ली आमच्याकडे पडलेला माणूस आधी खड्ड्याचा फोटो काढतो, मग उठतो.

पांढरी_काठी
बॅरिकेडवरून विषय निघालाच आहे म्हणून. मी पूर्ण दृष्टिहीन आहे, स्क्रीनरीडरवर हा धागा ऐकतोय. तुम्ही सगळे रात्रीच्या उजेडाबद्दल बोलताय. मला दुपारी बारा वाजताही तोच चर तसाच आहे.

लाल-पांढरी प्लास्टिकची पट्टी दोन बांबूंना बांधली की बॅरिकेड झालं असा सार्वत्रिक समज आहे. ती पट्टी कमरेच्या उंचीवर असते. माझी काठी जमिनीलगत फिरते, ती पट्टीखालून सरळ खड्ड्यात जाते. पट्टी छातीला लागेपर्यंत पाय काठावर आलेला असतो. खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर एक आडवी फळी बांधा, सलग. काठी तिला लागली की कळतं इथे काहीतरी आहे. फळीला खर्च किती येतो? बाकी परवानग्या तुमच्या तुम्ही बघा. एवढं मात्र करा.

आणि फुटपाथ बंद केला तर पर्यायी वाट ठेवा. "पादचाऱ्यांनी समोरून जावे" हा फलक मी वाचू शकत नाही.

लीड्सकर
पांढरी_काठी, तुम्ही म्हणता ती फळी इथे इंग्लंडमध्ये नियमात आहे. तिला टॅपिंग रेल म्हणतात: किमान १५० मिमी रुंद, खालची कड जमिनीपासून जास्तीत जास्त २०० मिमीवर.

मी मूळचा साताऱ्याचा, इथे पाणीपुरवठ्याच्या कंत्राटदाराकडे काम करतो. इथला कायदा १९९१ चा, न्यू रोड्स अँड स्ट्रीट वर्क्स अ‍ॅक्ट. त्याखाली सुरक्षेची एक पुस्तिका आहे, लाल पुठ्ठ्यामुळे सगळे तिला रेड बुक म्हणतात. गाडीत ती असतेच. पादचाऱ्यांसाठी दीड मीटर वाट ठेवायची, अगदीच जागा नसेल तर एक मीटर, त्याखाली नाही. साइटवर कायम निदान एक माणूस प्रशिक्षण घेऊन कार्ड मिळवलेला असावा लागतो, पर्यवेक्षकाचं कार्ड वेगळं. कार्ड पाच वर्षांनी संपतं, पुन्हा परीक्षा. बुजवलेल्या चराची दोन वर्षं हमी, खोल असेल तर तीन. मुदतीपेक्षा जास्त दिवस रस्ता अडवला तर रोजचा दंड. लंडनमध्ये २०१२ पासून गर्दीच्या रस्त्यांवर गर्दीच्या वेळी खोदायचं तर भाडं भरावं लागतं, दिवसाला अडीच हजार पौंडांपर्यंत. त्यामुळे कंपन्या आपोआप रात्री काम करतात किंवा दोघी मिळून एकच चर मारतात.

इथेही खड्डे पडतात, उगाच स्वर्ग समजू नका. शिव्या खाणं तर दोन्हीकडे सारखंच.

रोखठोक_राजू
आला का परदेशाचा दाखला! लीड्सला गणपती किती बसतात ते सांगा आधी.

परळचा_पांडू
@राजू, गणपतीवरून आठवलं. मुंबईत २०२५ मध्ये मंडपाच्या प्रत्येक खड्ड्याला दंड २ हजारांवरून थेट १५ हजार केला होता. मंडळांनी ओरड केली, पुन्हा २ हजार. दहा दिवसांचा बांबूचा खड्डा आणि दहा महिन्यांचा केबलचा चर, यात पालिकेला पहिला आधी दिसतो.

मुंबईच्या मंडळींना मॅनहोलचं वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०१७ च्या त्या पावसात एक नामांकित डॉक्टर घरी चालत जाताना उघड्या मॅनहोलमध्ये गेले. त्यानंतर झाकणाखाली जाळ्या बसवायचं सत्र सुरू झालं. पाणी भरलं म्हणून झाकण उघडायचं तर तिथे माणूस उभा हवा, एवढी साधी गोष्ट होती.

बंड्यानाना
मंडळांवर घसरलात ना, आता धागा शंभरी गाठणार.

पुणे३०
अवांतर : मंडपाला जमिनीत खड्डा लागतोच असं नाही, वाळूचे ड्रम किंवा लोखंडी बेस ठेवूनही खांब उभे राहतात. आमचं मंडळ तसंच करतं. खर्च थोडा वाढतो, पण नंतरची कटकट नाही.

निवृत्त_उपअभियंता
आवरा. काकांच्या प्रश्नाकडे वळू या. मगाशी एक गोष्ट वाचूनही कोणी उचलली नाही: चेंबर सात फूट खोल आहे. सात फूट म्हणजे दोन मीटरच्या वर. इथे पडणाऱ्या पादचाऱ्याच्या आधी आत उतरणाऱ्या मजुराची काळजी करा.

सीपीडब्ल्यूडीचा (केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाचा) सेफ्टी कोड सरकारी निविदांना जोडलेला असतो, त्यात स्पष्ट आहे. दीड मीटर किंवा जास्त खोल चराच्या बाजू एकतर पायऱ्या किंवा उतार देऊन मागे घ्यायच्या, नाहीतर लाकडी आधार द्यायचा. १.२ मीटरपासून पुढे शिडी हवी, तळापासून जमिनीच्या वर ९० सेंमीपर्यंत. काढलेली माती काठापासून दीड मीटर किंवा खोलीच्या निम्म्या अंतरावर, जे जास्त असेल तितकी लांब. आपल्याकडे माती कुठे टाकतात? काठावरच. तिचं वजन त्याच काठावर, शेजारून पीएमटी जातेय, तिचे हादरे त्यातच. काळी माती किंवा जुना भराव असेल तर भिंत आवाज न करता बसते. एक घनमीटर माती दीड टनाच्या पुढे भरते. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस ओढून निघत नाही, आणि सोबतचे घाईने फावडं मारायला जातात तेव्हा दुसरी बाजू कोसळते.

रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात शोअरिंग (बाजूंना आधार देणं) होतच नाही. दुप्पट आकडा सांगणाऱ्याला विचारा, त्यात शोअरिंग धरलंय का. धरलं नसेल तर तोही नुसता कागदावरच चांगला.

पिंपरीचा_ठेकेदार
साहेब बोलले ते बरोबर, पण आमची बाजू पण ऐका. शोअरिंगचा आयटम सोसायटीच्या कोटेशनमध्ये टाकला की पहिली कात्री त्यालाच. "बाजूवाला तर नाही लावत", हे वाक्य मी पाठ केलंय.

दुसरं, जमिनीखाली काय आहे हे कोणालाच धड माहीत नसतं. नकाशात केबल फुटपाथखाली, खोदलं की रस्त्याच्या मधोमध. भारतीय मानकाप्रमाणे ११ केव्हीची केबल ९० सेंमी खाली, कमी दाबाची ७५ सेंमी. वरून रस्ता खरवडत गेला की तीच केबल दोन फुटांवर येते. म्हणून आम्ही जेसीबी लावायच्या आधी लाइनच्या आडवे दोन-तीन ठिकाणी हाताने खड्डे घेतो. टिकाव हळू, सब्बल तर नकोच. विटा किंवा लाल पट्टी लागली की थांबायचं. पिवळा पाइप दिसला तर गॅस, तिथे जेसीबी बंद, बिडी बंद, आधी गॅस कंपनीला फोन.

मार्च २०२३ मध्ये केंद्राने 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं अ‍ॅप काढलंय. खोदायच्या आधी त्यात जागा टाकायची, मग ज्यांच्या लाइनी आहेत त्यांना निरोप जातो. तेव्हा सरकारनेच सांगितलं होतं, वर्षाला सुमारे दहा लाख ठिकाणी फायबर तुटते, तीन हजार कोटींचं नुकसान. अ‍ॅप वापरा, पण त्याच्या भरवशावर जेसीबीचा दात घालू नका. त्यात ज्याने माहिती भरली त्याचीच लाइन दिसते.

तुमच्या पहिल्या ठेकेदाराने चेंबर फोडून जोडणार तर आत कोण उतरणार ते सांगितलं का?

सिंहगडरोडकर
नाही सांगितलं. "आमची पोरं करतात" एवढंच म्हणाला.

पिंपरीचा_ठेकेदार
मग तिथेच थांबा. चालू लाइनच्या चेंबरमध्ये पोरगं उतरवणं म्हणजे सरळ सरळ खेळ जिवाशी.

लेखणी_आणि_कलम
पूर्ण सहमत. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटारात माणूस उतरवून साफसफाई करायला मनाई आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूची भरपाई ३० लाख केली. "आम्ही साफसफाई नाही, जोडणी करत होतो" असा युक्तिवाद करायची वेळ येऊ नये. वास येत नाही म्हणजे गॅस नाही, असंही समजू नका. हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकाला वास कळेनासा होतो. मुख्य चेंबरची जोडणी ड्रेनेज विभागाच्या देखरेखीखालीच करून घ्या, लेखी.

झोपमोड
एक शंका. रात्री अकराला ब्रेकर लावणं मुळात चालतं का? ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाज करणारी बांधकाम यंत्रं बंद असायला हवीत.

निवृत्त_उपअभियंता
प्रश्न रास्त आहे आणि नोकरीभर माझी याच्यावर डोकेफोड झाली. वाहतूक शाखा म्हणते रात्री करा, ध्वनीचा नियम म्हणतो रात्री नको. आम्ही तोडगा असा काढायचो की डांबर कापणं, फोडणं हे रात्री दहाच्या आत, खोदाई आणि पाइप रात्री, रोलर सकाळी. गल्लीतला रस्ता असेल तर दिवसाच, अर्धा-अर्धा भाग घेऊन करा. एक बाजू चालू राहते.

सिंहगडरोडकर
सगळ्यांचे आभार. कमिटीची बैठक झाली. पांढरी_काठी यांचा प्रतिसाद मी मोठ्याने वाचून दाखवला. पहिल्या ठेकेदाराला नाही म्हणालो. ड्रेनेज विभागाकडे लेखी अर्ज गेलाय. दुसऱ्याला विचारलं, त्याने शोअरिंग धरलेलं नव्हतं. आता वेगळा आयटम म्हणून देतोय, आकडा अजून चढला. दोन सभासद चिडून बोलत नाहीत.

आता एकच राहिलं. पूर्ववत करायचं शुल्क आम्ही भरणार, पण डांबर पालिका कधी घालेल माहीत नाही. मधल्या काळात चर बसू नये म्हणून आमच्या ठेकेदाराकडून काय करून घ्यायचं?

निवृत्त_उपअभियंता
उकरलेली माती, राडारोडा, पेव्हरचे तुकडे परत आत ढकलू देऊ नका, चर बसायचं ते मुख्य कारण. पाइपभोवती वाळू किंवा बारीक खडी, वर चांगला मुरूम. १५-२० सेंमीच्या थरांत, प्रत्येक थराला पाणी आणि प्लेट कॉम्पॅक्टर (थर दाबून बसवायचं यंत्र). एकदम सगळं भरून वरून जेसीबीचं बकेट आपटलं तर पहिल्या पावसात गाडीचं चाक आत. प्रत्येक थराचा फोटो घ्या, तारखेसह. डांबर पडेपर्यंत रोज कोणीतरी बघा, खचलं तर मुरूम टाकून घ्या, आणि तोपर्यंत बॅरिकेड हलवू नका.

पांढरी_काठी
फळी?

सिंहगडरोडकर
कोटेशनमध्ये लिहून घेतली आहे. "खालची आडवी फळी, सलग, दोन्ही बाजूंना." ठेकेदाराने विचारलं, ही कशाला? सांगितलं.

पुणे३०
गेटसमोर चर आला तर आतल्या गाड्यांचं काय करणार? आमच्याकडे एक आजोबा ऑक्सिजनवर आहेत, अँब्युलन्स आत यावी लागते.

पिंपरीचा_ठेकेदार
लोखंडी प्लेट टाकतात, भाड्याने मिळते. पण चर आधार दिलेला असेल तरच, नाहीतर प्लेटसकट काठ खाली येतो. प्लेट दोन्ही बाजूंना भरपूर आत टेकली पाहिजे, आणि सरकू नये म्हणून कडेला डांबर भरायचं. दुचाकीवाले पावसात घसरतात, खडबडीत प्लेट मागा. कोणत्या भागात आहात ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, जाडी आणि भाडं सांगतो.